आई-वडिलांना अमेरिकेतलं आर्चेस पार्क दाखवायचंय? सातारा-सांगलीकरांसाठी कागदपत्रांची माहिती

पोरगा नाहीतर पोरगी अमेरिकेत, गावाकडनं आई-वडील जाणार आणि त्यांना युटा राज्यातल्या आर्चेस पार्कच्या दगडी कमानी दाखवायच्यात असा प्लॅन असेल तर पार्कच्या तिकिटाचं टेन्शन आत्तापासून घेऊ नका, ते शेवटचं आणि सोपं काम आहे, अडतं ते पासपोर्टवरच्या नावात आणि व्हिसाच्या इंटरव्ह्यूत.

आधी पासपोर्ट. सातारा, सांगली दोन्हीकडे पोस्टात पासपोर्ट केंद्र आहे, फाईल पुण्याच्या ऑफिसकडे जाते. 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये, नवीन काढताना साठीच्या पुढच्यांना 10 टक्के सूट. पण आपल्याकडच्या बायकांचं कसं असतं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर आणखी तिसरंच स्पेलिंग. फॉर्म भरायच्या आधी आधार आणि पॅन एकसारखं करून घ्या, कारण पासपोर्टवर जे छापून येईल तेच पुढे व्हिसाला आणि विमानाच्या तिकिटाला लागतं. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आले की घरी कोणीतरी असू द्या, म्हातारी माणसं नेमकी तेव्हाच रानात गेलेली असतात.

मग व्हिसा. फिरायला आणि मुलांना भेटायला बी-2 व्हिसा लागतो, तो बी-1/बी-2 असा जोडूनच देतात. डीएस-160 हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म ऑनलाईन भरायचा, मध्येच थोडा वेळ काही टाईप केलं नाही तर तो बंद पडतो म्हणून सुरुवातीलाच अॅप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेवा आणि सेव्ह करत राहा. गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडिया अकाउंटपण विचारतात, वडील फेसबुकवर असतील तर तेही टाकायचं. फी माणशी 185 डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. फोटो 2 बाय 2 इंच, पांढरं बॅकग्राउंड, चष्मा काढून. मुंबईला दोन अपॉइंटमेंट असतात, एक बोटांचे ठसे-फोटोची आणि दुसरी कॉन्सुलेटमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या वकिलातीतल्या इंटरव्ह्यूची. मोबाईल आत चालत नाही. इंटरव्ह्यू मराठीत देता येतो, तेव्हा 'आमच्या आईला इंग्लिश कुठं येतंय' ही भीती सोडा.

इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना बघायचं एकच असतं, ही माणसं परत येणार का. पोराच्या पगाराच्या स्लिपांचा गठ्ठा घेऊन जाण्यापेक्षा आई-वडिलांचं स्वतःचं दाखवा, म्हणजे पेन्शनचे कागद, बँक स्टेटमेंट, सातबारा, घराचा उतारा. बऱ्याचदा फाईल उघडायलाही सांगत नाहीत, दोन-चार प्रश्नांत निकाल लागतो, पण जवळ असावी. एजंटाने पढवलेली उत्तरं घोकून जाऊ नका, किती दिवस, कुणाकडे, खर्च कोण करणार एवढं सरळ सांगता आलं म्हणजे झालं.

आता पार्क. खाजगी गाडीची फी 30 डॉलर, सात दिवस चालते. तिथली ज्येष्ठ नागरिकांची सवलत फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना, आपल्याला नाही. 2026 पासून ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून 11 पार्कांमध्ये 16 वर्षांपासून पुढच्या परदेशी माणसाला 100 डॉलर जादा लावलेत, त्या यादीत आर्चेस नाही, खिशाच्या हिशोबानं हे बरंच झालं. 2022 पासून गर्दीच्या सीझनमध्ये ठरावीक वेळेचं बुकिंग लावलं होतं, हा नियम बदलत असतो, म्हणून निघायच्या आधी पार्कची साईट एकदा बघाच. फायरी फर्नेस नावाचा खडकांचा भुलभुलैया आहे, तिथं वेगळं परमिट लागतं आणि पाच वर्षांखालच्या पोरांना सोडत नाहीत.

2000 च्या वर नैसर्गिक कमानी आहेत, लँडस्केप आर्च तर 306 फूट लांब. खडक वालुकामय, खाली मिठाचा थर, तो सरकला तशी वरच्या दगडाला चिरा पडल्या आणि पाणी-बर्फानं बाकीचं कोरलं. त्या अजून पडतात, 2008 मध्ये वॉल आर्च कोसळली. दगडावर नाव कोरलंत तर गुन्हा आहे, आपल्या गडांवर बदाम काढणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. वाट सोडून काळपट खरबरीत मातीवर पाय देऊ नका, तिच्यात बारीक जीव वाढत असतात, म्हणजे ती जिवंत असते आणि एकदा तुडवली की सावरायला वर्षानुवर्षं जातात.

डेलिकेट आर्च या तिथल्या प्रसिद्ध कमानीपर्यंत चालत जाऊन-येऊन जवळपास 5 किलोमीटर, 480 फूट चढ आणि सावली अजिबात नाही, पार्कात खायलाही काही मिळत नाही, तेव्हा पाणी आणि दशम्या बरोबर घ्या. गुडघे दुखत असतील तर खालच्या व्ह्यूपॉइंटला गाडी लावून शंभरेक पावलं चालायचं, तिथूनही कमान दिसते, लांबून पण दिसते.