परभणीची भेंडी आणि चिकमगळूरची कॉफी

मराठवाड्यात कॉफी लावावी का, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे: लावू नये. अरेबिका कॉफीला हजार मीटरच्या आसपासचा किंवा त्याहून उंच डोंगर लागतो, मोठ्या झाडांची सावली लागते, पंधरा ते पंचवीस अंशांची हवा आणि वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस लागतो. कॉफीची रोबस्टा ही जात जरा काटक, पण मे महिन्यातलं परभणी-नांदेडचं ऊन तिलाही झेपणारं नाही. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते, तीही उंचीमुळे. तरी कॉफीवरच्या संशोधनाची गोष्ट इथल्या शेतकऱ्याने ऐकावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिचं अर्धं कथानक परभणीत भेंडीच्या वाफ्यात घडून गेलं आहे.

भेंडीवर हळद्या हा विषाणूचा रोग आला की आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. शिरांची पिवळी जाळी आणि मधे हिरवे ठिपके, असं पान दोन-चार दिवस दिसतं, मग सगळंच पिवळं होतं. फळं पांढुरकी, निबर निघतात, मोंढ्यात त्यांना कुणी हात लावत नाही. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. फवारणीने माशी कमी होते, पण झाडात शिरलेला विषाणू जात नाही. त्यामुळे खरा उपाय एकच, रोगाला दाद न देणारा वाण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ दिला, तो देशभर पसरला आणि काही वर्षांत हळद्याला बळी पडू लागला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी नातेवाइकाशी केला. अशा दूरच्या संकरात बी नीट धरत नाही. धरलं तरी रानटी गुण बरोबर येतात, ते पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकावे लागतात. त्यातून १९८५ च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ आला आणि त्याने या गावाचं नाव देशभरच्या भाजी उत्पादकांच्या तोंडी नेलं. पुढे विषाणूही बदलला. आज परभणी क्रांतीवरही हळद्या येतो.

कॉफीत हळद्याच्या जागी तांबेरा आहे. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसते, ती बोटाला लागते. ही बुरशी पानावरच्या पाण्याच्या थेंबात रुजते आणि पर्णरंध्रांतून आत शिरते. पानं गळतात, आणि पानं गळालेल्या फांदीला पुढच्या वर्षी फळ कुठून धरणार? १८६९ मध्ये हा रोग श्रीलंकेत आढळला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथली कॉफी जवळपास संपली. तिथले मळे चहाकडे वळले.

भारतात कर्नाटकातल्या मळ्यांमध्ये १९११ मध्ये ‘केंट’ नावाचा वाण निवडला गेला, तो तांबेऱ्याला टिकला. मग तोही पडू लागला. असं का व्हावं, याचा शोध चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला लागला. तिथे १९२५ मध्ये कॉफी संशोधन केंद्र सुरू झालं होतं. तिथले शास्त्रज्ञ मेन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की तांबेरा एकच नाही. दिसायला सारख्या, पण वेगवेगळ्या वाणांवर चालून जाणाऱ्या त्याच्या वेगवेगळ्या उपजाती आहेत. आज अशा पन्नासच्या आसपास उपजाती माहीत आहेत. या एका निरीक्षणाने कॉफीच्या पैदाशीची दिशाच बदलली. लायबेरिका या दुसऱ्या प्रजातीचं रक्त असलेला एक वंश घेऊन त्याचा केंटशी संकर झाला आणि १९४० च्या दशकात ‘एस ७९५’ हा वाण आला. त्याची चव उत्तम असल्याने तो आजही लावला जातो, पण तांबेऱ्याने त्यालाही गाठलं. २००७ मध्ये आलेल्या ‘चंद्रगिरी’त तिमोर बेटावर आपोआप झालेल्या अरेबिका-रोबस्टा संकराचा अंश आहे.

गोष्ट तीच, पण वेळ वेगळा. भेंडी पन्नास दिवसांत तोडणीला येते, त्यामुळे पैदासकाराला वर्षात दोन पिढ्या सहज मिळतात. कॉफीचं झाड पहिलं फळ द्यायलाच तीन-चार वर्षं घेतं. संकर, निवड, वेगवेगळ्या डोंगरांवरच्या चाचण्या धरल्या तर एक वाण उभा राहायला वीस-पंचवीस वर्षं जातात. म्हणजे ज्याने सुरुवात केली तो बहुधा निवृत्त झाल्यावर वाण बाहेर पडतो. तीन वर्षांच्या प्रकल्पाचा पैसा अशा कामाला पुरत नाही. मधे दोन वर्षं मजूर नसले, पाणी नसलं, तर चाचणीचा मळाच हातचा जातो.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. भेंडीचं, तुरीचं बी वाळवून शीतगृहात वर्षानुवर्षं ठेवता येतं. कॉफीचं बी तसं टिकत नाही, म्हणून तिचा जनुकसाठा जिवंत झाडांच्या रूपात शेतातच राखावा लागतो. २०१९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी रानटी कॉफीच्या १२४ प्रजाती तपासल्या, त्यांतल्या ७५ नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. हे नुकसान मोठं आहे, कारण मदत बऱ्याचदा या रानटी नातेवाइकांकडूनच आली आहे. पश्चिम आफ्रिकेतली स्टेनोफिला ही प्रजाती सिएरा लिओनच्या जंगलात २०१८ मध्ये पुन्हा सापडली. ती अरेबिकापेक्षा निदान सहा अंश जास्त सरासरी तापमानात वाढते आणि तिची चव अरेबिकाच्या तोडीची आहे. हवामान तापत असताना हे झाड जंगलातून गेलं असतं, तर आपल्याला कळलंही नसतं.

पैसा कुणी द्यायचा? २०१२ मध्ये कॉफी कंपन्यांनी वर्गणी काढून ‘वर्ल्ड कॉफी रिसर्च’ ही संस्था काढली, ते चांगलं झालं. पण तुरीला, ज्वारीला असा श्रीमंत ग्राहक नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेला ‘बीडीएन ७११’ हा तुरीचा वाण किंवा परभणीचा ‘एमएयूएस ६१२’ सोयाबीन, हे सरकारी पैशातून उभे राहिलेले वाण आहेत, आणि शेतकरी त्यांचं बी घरी राखून पुन्हा पेरू शकतो. कृषी विद्यापीठांतली रिक्त पदं हा म्हणूनच थेट आपल्या शिवाराचा प्रश्न आहे. दरवर्षी १८ मे रोजी परभणीत खरीप मेळावा भरतो, बियाण्यासाठी रांगा लागतात. त्या मेळाव्यात बाजारभाव आणि पीक विमा यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न मंचावरच्या मंत्र्यांना विचारायला हवा: तुरीच्या आणि भेंडीच्या पैदासकाराची जागा भरलेली आहे का, आणि नसेल तर कधी भरणार?