आरव्हीतला प्रवास: रोजचं राहणं आणि शहर बघणं (अमेरिका)

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. रिक्रिएशनल व्हेइकल या नावाचं हे लघुरूप, आणि त्यात दोन मोठे प्रकार येतात: स्वतःच्या इंजिनावर चालणारं मोटरहोम आणि दुसऱ्या गाडीने ओढायचा ट्रेलर. मोटरहोमचे परत तीन वर्ग आहेत, बसएवढा मोठा क्लास ए, व्हॅनमध्ये बसवलेला छोटा क्लास बी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेला क्लास सी, जो भाड्याने सर्वात जास्त मिळतो. आपल्याकडे याला कॅरॅव्हॅन म्हणतात, महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, पण ही पद्धत खरी रुजली ती अमेरिकेत. तिथल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या आसपास बनतात. आणि 1962 साली मोंटानातल्या बिलिंग्समध्ये सुरू झालेल्या केओए या कंपनीच्या कॅम्पग्राउंडची (आरव्ही किंवा तंबू लावून मुक्काम करायची जागा) पिवळी पाटी हायवेवर सगळीकडे दिसते.

आरव्ही म्हटलं की डोंगर, तलाव, शेकोटी असेच फोटो डोळ्यासमोर येतात. पण आरव्हीतून मोठं शहर बघणं हा एक वेगळाच प्रकार आहे आणि त्याची स्वतःची रीत आहे: घर शहराच्या बाहेर उभं करायचं आणि आपण ट्रेनने आत जायचं. हे एकदा पटलं की बाकी सगळं सोपं होतं.

पाणी, टाक्या आणि वीज

आरव्हीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी ग्रे म्हणजे बेसिन आणि आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी ब्लॅक म्हणजे संडासची. क्लास सी मध्ये स्वच्छ पाणी साधारण 40 गॅलन, म्हणजे दीडशे लिटर बसतं, आणि गरम पाण्याचा टँक बऱ्याचदा 6 गॅलनचाच असतो, त्यामुळे चार माणसं एका मागोमाग शॉवर घेऊ शकत नाहीत. अंग भिजवायचं, पाणी बंद, साबण, मग परत पाणी, अशी तिथली पद्धत. ज्यांनी लहानपणी एका बादलीत आंघोळ उरकलीय त्यांना हे शिकवावं लागत नाही. खरी अडचण भांड्यांची होते. आपला स्वयंपाक म्हणजे कढई, कुकर, तवा, परात, आणि तेलकट भांडी वाहत्या पाण्याखाली घासायची सवय, त्यात ग्रे टँक दोन दिवसात भरतो, म्हणून आधी टिश्यूने पुसून मग धुणं हे मराठी घरातल्या आरव्हीत फार कामाचं.

टाक्या डंप स्टेशनवर जाऊन जाड नळीने रिकाम्या करतात. क्रम ठरलेला आहे, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. नवीन माणूस हमखास एक चूक करतो: कॅम्पग्राउंडवर नळी जोडलेलीच आहे म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतो, मग पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग मागे साचून वाळतो. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी चांगली भरली की एकदम सोडायचं. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, ती डंपच्या सामानासोबत कधीच ठेवायची नाही. हातमोजे घालायचे. हे काम किळसवाणं वाटतं पण तिसऱ्या वेळेपासून दहा मिनिटांत होतं.

विजेचं कनेक्शन 30 किंवा 50 अँपचं. 30 अँपवर एकूण 3600 वॅट मिळतात, म्हणजे छतावरचा एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकदम लावली की ब्रेकर उडतो. चहा गॅसवरच करावा. गॅस म्हणजे प्रोपेन, त्यावर शेगडी, हीटर, गरम पाणी आणि बऱ्याच गाड्यांत फ्रीजसुद्धा चालतो. तो जुन्या पद्धतीचा गॅसवरचा फ्रीज असेल तर गाडी सपाट उभी लागते, म्हणून पोचल्यावर पहिलं काम चाकांखाली ठोकळे लावून लेव्हल बघणं.

आरव्ही शहरात का नेत नाहीत

उंचीमुळे. क्लास सी दहा ते बारा फूट आणि क्लास ए त्याहून उंच, आणि जुन्या शहरांतले रेल्वेचे पूल त्यापेक्षा ठेंगणे असतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहमचा पूल यासाठी प्रसिद्ध आहे, तो 11 फूट 8 इंच उंच होता, कितीतरी ट्रक आणि आरव्हींची छतं त्याने सोलली, शेवटी 2019 मध्ये तो 12 फूट 4 इंचांवर उचलला तरीही गाड्या आपटायच्या थांबल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवरचे, म्हणजे फक्त छोट्या गाड्यांसाठीच्या रस्त्यांवरचे, दगडी पूलही असेच. फोनवरचा साधा मॅप हे सांगत नाही, गाडीची उंची टाकता येणारा आरव्हीचा जीपीएस लागतो, आणि आपली उंची फूट-इंचात लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवावी.

दुसरं कारण प्रोपेन. न्यूयॉर्ककडून आय-95 हायवेने वॉशिंग्टनला येताना बाल्टिमोरमध्ये पाण्याखालचे बोगदे लागतात आणि तिथे आरव्हीतल्या मोठ्या सिलिंडरना बंदी आहे. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायच्या, पण 26 मार्च 2024 ला जहाज धडकून तो पूल पडला, आता आय-695 ने शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. तिसरं पार्किंग. पंचवीस-तीस फुटांची गाडी रस्त्याकडेच्या एका जागेत बसत नाही आणि पार्किंगच्या इमारतीत शिरत नाही. म्हणून काही लोक मागे छोटी कार ओढत आणतात, तिला टोड म्हणतात.

उदाहरण: वॉशिंग्टन डीसी

माझ्या मते आरव्हीतून बघायला अमेरिकेत याच्याइतकं सोयीचं मोठं शहर नाही. मेरीलँडमध्ये, शहराच्या ईशान्येला, ग्रीनबेल्ट पार्क नावाचं नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याचं कॅम्पग्राउंड आहे, झाडीत, शांत, स्वस्त, पण हुकअप नाहीत, म्हणजे वीज-पाणी आपापलं. जवळच कॉलेज पार्कमध्ये चेरी हिल पार्क हे खाजगी कॅम्पग्राउंड आहे, तिथे वीज, पाणी, ड्रेनेज सगळं मिळतं आणि पैसे त्या हिशोबाने जास्त. निवड कशी करायची तर ऋतू बघून. जुलैत डीसी दमट आणि तापलेलं असतं, मागे कुत्रा ठेवून दिवसभर बाहेर जायचं असेल तर एसीला वीज हवीच. एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये ग्रीनबेल्टची झाडी पुरेशी आहे.

ज्यांचे आईवडील ग्रीन कार्डवर आहेत आणि 62 च्या पुढे आहेत त्यांनी आईवडिलांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास काढावा, त्यावर सरकारी कॅम्पग्राउंडला बऱ्याच ठिकाणी भाडं अर्धं होतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मात्र तो मिळत नाही.

सकाळचा कार्यक्रम असा: पोहे खायचे, डबा भरायचा, छतावरची खिडकी बंद (दुपारच्या पावसाने गादी भिजते), पाण्याचा पंप बंद, आणि ग्रीनबेल्ट स्टेशनवरून मेट्रोची ग्रीन लाइन पकडायची. तिकिटासाठी प्रत्येकाचं वेगळं स्मारट्रिप कार्ड (मेट्रोचं कार्ड) किंवा टॅप करायचं बँकेचं कार्ड लागतं. आर्काइव्ह्ज स्टेशनला उतरलं की नॅशनल गॅलरी आणि नॅचरल हिस्ट्री म्युझियम चालत अंतरावर. स्मिथसोनियनची म्युझियम फुकट आहेत, ही गोष्ट फार मोठी आहे, कारण तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून एकाच ठिकाणी पाय मोडेपर्यंत फिरावं लागत नाही, दोन तास बघा आणि बाहेर या. एअर अँड स्पेस म्युझियमला मात्र फुकट असला तरी वेळेचा पास आधी ऑनलाइन घ्यावा लागतो. आत शिरताना बॅगा तपासतात, आरव्हीवाल्यांच्या खिशात सवयीने छोटा चाकू किंवा पक्कड असते, ती गाडीतच काढून ठेवावी, नाहीतर दारावरून परत.

डबा नॅशनल मॉलच्या, म्हणजे या म्युझियममधल्या लांबलचक मैदानाच्या, हिरवळीवर बसून खायचा. त्याच्या एका टोकाच्या कॅपिटलपासून (अमेरिकेचं संसद भवन) दुसऱ्या टोकाच्या लिंकन मेमोरियलपर्यंत जवळपास तीन किलोमीटर आहे, दिसायला जवळ वाटतं पण लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर एका दिवसात दोन्ही टोकं करू नयेत. त्यापेक्षा एक संध्याकाळ ड्युपॉन्ट सर्कलला उतरून मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर भारतीय दूतावासासमोर जावं, तिथे गांधीजींचा पुतळा आहे, 2000 साली वाजपेयी पंतप्रधान असताना त्याचं अनावरण झालं. मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला चेरीची फुलं येतात, टोकियोने 1912 मध्ये भेट दिलेल्या झाडांची ही परंपरा, त्या दोन आठवड्यांचं बुकिंग खूप आधी करावं.

आणि संध्याकाळी परत आलं की वरण-भात आपल्याच कुकरमध्ये. हॉटेलात राहून शहर बघणारा रात्री नऊला रेस्टॉरंट शोधत असतो, इथे चप्पल काढून आपल्या पलंगावर पडता येतं आणि दुसऱ्या दिवशी कंटाळा आला तर अर्धा दिवस घरीच काढता येतो, तो वाया गेल्यासारखा वाटत नाही.

रात्र कुठे काढायची

वाटेत एखादी रात्र काही वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये काढू देतात, पण ते त्या दुकानाच्या मॅनेजरवर आणि गावाच्या नियमावर असतं, आत जाऊन विचारायचं. शहराच्या रस्त्यावर गाडीत झोपायला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. हे नियम पर्यटकांपेक्षा ज्यांना भाडं परवडत नाही म्हणून जुन्या आरव्हीत राहावं लागतं त्यांना जास्त जाचतात, लॉस एंजेलिससारख्या शहरात अशा गाड्यांच्या रांगा दिसतात. तिथे आपण फिरायला गेलेल्यांनी गर्दी करू नये आणि कोणाच्या गाडीचे फोटो काढू नयेत, ते त्यांचं घर आहे.

मराठी मंडळींना अजून एक सोय असते, ओळखीच्यांचा ड्राइव्हवे. घरच्या साध्या प्लगला अडॅप्टर लावून 15 अँप मिळतात, त्यात दिवे, पंखा, चार्जिंग होतं, एसी नको. पण अनेक सोसायट्यांमध्ये ड्राइव्हवेत आरव्ही उभी करायला बंदी किंवा एक-दोन रात्रींचीच मुभा असते, तेव्हा निघायच्या आधी यजमानांना त्यांच्या सोसायटीत विचारून घ्यायला सांगावं, आणि टाक्या मात्र त्यांच्याकडे पोचायच्या आधीच रिकाम्या करून जाव्यात.