वेण्णा तलाव: पाणी खाली, दुखणं वरच्या उतारावर

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव निसर्गानं दिलेला नाही. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांनी तो 1842 साली बांधून घेतला. पर्यटक तिथं बोटिंगला जातात. महाबळेश्वर-पाचगणीला मात्र प्यायला याच तलावाचं पाणी लागतं.

पूर्वी भोवतीच्या दाट रानात धुवांधार पाऊस पालापाचोळ्यात मुरून खाली यायचा. पुढे रस्ते झाले, हॉटेलं उठली, उतारांवर स्ट्रॉबेरीचे वाफे आले. पावसाळा सरता सरता रोपं लावतात, तेव्हा माती भुसभुशीत केलेली असते. परतीच्या पावसाची एक दणदणीत सर आली, की तांबडं पाणी खतासकट ओहळाला लागतं. काठावर फिरणाऱ्या घोड्यांची लीदही त्याच वाटेनं जाते.

शेवाळाचा खरा खुराक स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. तो मातीच्या कणांना चिकटतो, त्यांच्याबरोबर वाहतो आणि तळाच्या गाळात साठून राहतो. उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला, की हाच साठा पुन्हा पाण्यात विरघळतो. म्हणूनच वरून येणारी घाण थांबवली तरी शेवाळ लगेच हटत नाही, आणि दोन वर्षांत फरक दिसला नाही म्हणून काम सोडून देणं घातक ठरतं. नीलहरित शेवाळाच्या काही जाती विष सोडतात. पाणी उकळूनही ते विष जात नाही.

धोका बाहेरून शिरणाऱ्या जीवांचाही आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, 19व्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी बंगालमध्ये आणलेली. सांगलीकरांना कृष्णेतली जलपर्णी नव्यानं सांगायला नको. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी गाळात 15-20 वर्षं जिवंत राहू शकतं. आफ्रिकेतली चिलापी मासळी 1952 साली भारतात आली. तळ उकरून ती घरटी करते, गाळ ढवळतो. वेण्णा नदी पुढे कण्हेर धरणातून संगम माहुलीला कृष्णेला मिळते, तेव्हा वर शिरलेली पीडा वरच थांबेल असं मानू नये.

2001 मध्ये केंद्रानं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. बांधकामांना त्यामुळे वेसण मिळाली, पण माझ्या मते शेतातून वाहणाऱ्या मातीसाठी तेवढं पुरेसं नाही. वाफे आणि पाणी यांच्यामध्ये गवताचा रुंद पट्टा हवा, घोड्यांचा तळ ओहळापासून लांब हवा. आणि पाणी किती नितळ आहे हे कळावं म्हणून त्यात काळी-पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे दर आठवड्याला मोजून काठावरच्या फलकावर लिहायला हवं. 1865 पासून जगभर चालत आलेल्या या पद्धतीला लागते एक तबकडी आणि खुणा केलेली दोरी.