५२६ बॉल : विली मोस्कोनी आणि बिलियर्ड हॉलचा जमाना

अमेरिकन पूल खेळाडू विली मोस्कोनीचं नाव निघालं की पाठोपाठ ५२६ हा आकडा येतोच. सलग ५२६ बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकांत, आणि मध्ये एकही चूक नाही. पूल हा बिलियर्ड्सचाच एक प्रकार. तो खेळणाऱ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो, पण तो नेमका कोणत्या खेळातला, हे विचारलं तर बरेच जण अडखळतात. त्यांचा दोष नाही. तो खेळ, स्ट्रेट पूल, मागे पडला, आणि ज्या हॉलमध्ये तो वाढला ते हॉलही एकेक करून बंद झाले. मोस्कोनी १९९३ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीत वारला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्याची थोरवी समजून घ्यायची तर सुरुवात त्या हॉलपासूनच करावी लागते.

अमेरिकेत बिलियर्ड्सचा पेशा उभा केला तो आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मायकेल फेलनने. फेलन स्वतः उत्तम खेळायचा, टेबलं बनवायचा, टेबलाच्या कडेच्या रबरी पट्ट्यांत, म्हणजे कुशनमध्ये सुधारणा करायचा आणि हॉलही चालवायचा. १८५९ मध्ये डेट्रॉइटला जॉन सीरायटरशी त्याचा सामना झाला, त्यावर १५,००० डॉलर लागले होते. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. बॉल तेव्हा हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून चांगले बॉल जेमतेम काही निघत, भाव चढत चालले होते. म्हणून १८६० च्या दशकात फेलनच्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यासाठी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. त्या नादाने जॉन वेस्ली हायट कामाला लागला आणि त्याच्या खटपटीतून सेल्युलॉइड हे सुरुवातीचं प्लास्टिक आलं. प्लास्टिकच्या उद्योगाची मुळं शोधत गेलं तर वाटेत बिलियर्डचा बॉल लागतो, तो असा.

दुसरीकडे सिनसिनाटीत स्वित्झर्लंडहून आलेल्या जॉन ब्रन्सविकने १८४५ मध्ये टेबलं बनवायला सुरुवात केली होती. पुढे ब्रन्सविक कंपनी या धंद्यात सर्वांत मोठी झाली. कंपनी नावाजलेल्या खेळाडूंना पगारावर ठेवायची आणि गावोगावी प्रदर्शनीय सामने खेळायला पाठवायची. मोस्कोनीचं निम्मं आयुष्य अशाच दौऱ्यांवर गेलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हॉल म्हणजे एक लांबलचक खोली. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर खाली ओढलेला दिवा, आणि डोक्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली तार. त्या तारेत लाकडी मणी ओवलेले असत. गुण झाला की क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाने एक मणी सरकवायचा. भिंतीला लागून उंच बाकं, आणि त्या बाकांवर दिवस दिवस बसून खेळ बघणारी माणसं. पैसे तासावर. किती डाव खेळलात याच्याशी मालकाला घेणंदेणं नाही, टेबल किती वेळ अडवलंत तेवढं तो बघणार. ही तासाची गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे तिच्यावरच बरंच काही ठरलं.

हॉलमध्ये जवळजवळ सगळे पुरुषच. कामगार, रिकामटेकडे, शाळा चुकवून आलेली पोरं, पैजा लावणारे. चांगल्या घरातले लोक तिकडे वाकड्या नजरेने बघत. पण त्याच खोलीत एखादा माणूस आठ-आठ तास हात घासत असायचा आणि बाकावरच्या जुन्या जाणत्यांना कोणाचा स्ट्रोक कुठे चुकतो हे दुरून कळायचं. त्या बदनाम खोल्या या खेळाच्या शाळा होत्या, आणि मला त्यांचं हे रूप जास्त महत्त्वाचं वाटतं.

या शाळेतला सर्वांत अवघड विषय म्हणजे स्ट्रेट पूल. १९१० च्या आसपास जेरोम किओ या खेळाडूने सुचवलेल्या बदलातून तो आकाराला आला. टेबलावर पंधरा बॉल. कोणताही बॉल घ्या, प्रत्येकाला एक गुण. फक्त कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये टाकणार ते आधी सांगायचं. इथपर्यंत सोपं वाटतं. खरी गंमत चौदा बॉल संपल्यावर सुरू होते. पंधरावा बॉल टेबलावर आहे तिथेच ठेवायचा आणि बाकीचे चौदा पुन्हा त्रिकोणात रचायचे. त्रिकोणाच्या टोकाची जागा रिकामी. आता तो एकटा बॉल पॉकेटमध्ये टाकायचा, आणि त्याच फटक्यात क्यू बॉल, म्हणजे ज्याला काठीने मारतात तो पांढरा बॉल, वळून त्या चौदांच्या गठ्ठ्यावर असा आदळायला हवा की गठ्ठा फुटेल आणि पुढचा फटका मिळेल. बॉल गेला पण गठ्ठा फुटला नाही, तर तिथेच अडकलात. गठ्ठा फुटला पण बॉल पॉकेटच्या तोंडावर राहिला, तर फुटलेलं सगळं टेबल समोरच्याच्या ताटात वाढलंत.

म्हणून जाणता खेळाडू पहिल्या फटक्यापासून शेवटच्या बॉलचा विचार करतो. गठ्ठ्याच्या बाजूला, योग्य कोनात एखादा बॉल पडलेला असतो. त्याला तो हात लावत नाही. बाकीचे असे उचलतो की शेवटी क्यू बॉल त्या राखून ठेवलेल्या बॉलच्या मागे, हव्या त्या जागी येऊन थांबेल. पाहणाऱ्याला वाटतं, किती सोपे सोपे फटके मारतोय. सगळे फटके सोपे होतील असं टेबल ठेवणं हेच त्यातलं कसब आहे.

या खेळाचा पहिला मोठा राजा राल्फ ग्रीनलीफ. १९१९ मध्ये त्याने पहिल्यांदा जगज्जेतेपद मिळवलं आणि पुढची दोन दशकं तो गाजत राहिला. देखणा, ऐटबाज, रंगमंचावरही खेळ करून दाखवणारा. दारूने त्याचं फार नुकसान केलं. १९५० मध्ये तो गेला.

मोस्कोनीचा जन्म २७ जून १९१३ चा, फिलाडेल्फियाचा. वडिलांचा स्वतःचा पूल हॉल होता, तरी पोराने या नादाला लागू नये असं त्यांना वाटे. त्याने नाचात नाव काढावं ही त्यांची इच्छा, कारण नात्यातली मंडळी त्या क्षेत्रात होती. वडील बॉल कुलुपात ठेवत. मग हा आईच्या स्वयंपाकघरातले लहान गोल बटाटे आणायचा, केरसुणीचा दांडा घ्यायचा आणि बटाटे पॉकेटमध्ये ढकलत बसायचा. शेवटी वडिलांनीच हात टेकले आणि पोराला लोकांसमोर खेळवायला सुरुवात केली. सहा-सात वर्षांचा असताना तो खुद्द ग्रीनलीफसमोर खेळला. हरला, पण शहरभर नाव झालं.

यानंतर तो काही वर्षं खेळापासून दूरच होता. परत आला तो हौसेने नव्हे. घरात आजारपण, बाहेर महामंदी, आणि फर्निचरला कापड-गादी बसवायचं काम सुटलेलं. चार पैसे मिळतील म्हणून तो गावातल्या स्पर्धेत उतरला. तिथून १९३३ पर्यंत तो ब्रन्सविकच्या नजरेत भरला आणि कंपनीने त्याला ग्रीनलीफबरोबर दौऱ्यावर धाडलं. रात्रीमागून रात्री त्या काळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूशी सामना. शंभरावर सामने झाले, ग्रीनलीफ थोडक्याने पुढे राहिला. विशीतल्या खेळाडूला याहून मोठी तालीम कुठे मिळणार होती?

१९४१ ते १९५७ या काळात मोस्कोनी पंधरा वेळा जगज्जेता झाला. मधल्या काळात पक्षाघाताचा झटका येऊन गेला, तरी तो पुन्हा टेबलापाशी उभा राहिला. १९५६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या किन्स्टन गावी जिमी मूरविरुद्ध त्याने एकाच खेळीत सलग १५० बॉल टाकून डाव संपवला. मूर काही ऐरागैरा नव्हता, तरी त्या डावात त्याला खुर्चीत बसून राहण्यापलीकडे काही उरलं नाही.

आणि ५२६? ती खेळी १९ मार्च १९५४ ची, ओहायोमधल्या स्प्रिंगफील्डची. ईस्ट हाय बिलियर्ड क्लबात प्रदर्शनीय सामना होता, समोर तिथलाच खेळाडू. सामना २०० गुणांचा. मोस्कोनीने ते २०० एकाच खेळीत पूर्ण केले. सामना संपला, पण बघणारे त्याला थांबू देईनात. तो खेळत राहिला. ३००, ४००, ५००. सव्वादोन तासांच्या आसपास हे चाललं होतं, म्हणजे मिनिटाला जवळजवळ चार बॉल. त्याची ही चाल मला त्या आकड्याइतकीच थक्क करते. वाकला, मारला, पुढच्या फटक्याकडे निघाला. टेबलाभोवती घिरट्या नाहीत, कोन मोजत उभं राहणं नाही. सदतीस वेळा गठ्ठा फोडून, पाचशे सव्विसावा बॉल टाकून झाल्यावर एका अवघड पातळ कटवर, म्हणजे बॉलला जेमतेम कडेला लावून वळवायच्या फटक्यावर, तो चुकला. हजर असलेल्या तीसपेक्षा जास्त जणांनी सह्या करून प्रतिज्ञापत्र केलं, तोच त्या खेळीचा पुरावा.

मोस्कोनी सूट-टाय घालून खेळायचा. पैजेवर अनोळखी माणसाला फसवून खेळणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता. आपला खेळ टेनिस-गोल्फसारखा मानाने ओळखला जावा, सभ्य घरांतून बघितला जावा, हा त्याचा ध्यास. त्यासाठी तो जन्मभर झटला, आणि लोकांच्या आठवणीत मात्र नेमकं उलटं चित्र राहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॉल ओस पडू लागले. लग्न करून उपनगरात घर केलेल्या तरुणाला संध्याकाळी टीव्ही होता, मुलं होती, अंगण होतं. हॉल ही एकट्या पुरुषांची जागा, आणि एकटे पुरुषच कमी झाले. त्यातच बारमध्ये नाणं टाकून चालणारी छोटी टेबलं आली. आता पैसे तासाचे नव्हेत, डावाचे. टाकलेला बॉल टेबलाच्या पोटात अडकतो आणि पुढचं नाणं टाकेपर्यंत बाहेर येत नाही. अशा टेबलावर चौदा बॉल पुन्हा रचायचे कसे? स्ट्रेट पूल तिथे खेळताच येत नव्हता. आपल्या वाट्याचे सात बॉल आणि शेवटी आठ नंबरचा टाकला की झटपट संपणारा एट-बॉल आला आणि सगळीकडे पसरला. लोकांचा धीर सुटला म्हणून स्ट्रेट पूल गेला असं सर्रास म्हटलं जातं, पण टेबल बदललं आणि पैसे घ्यायची रीत बदलली, हे त्यामागचं कारण मला अधिक पटतं.

१९६१ मध्ये ‘द हसलर’ हा चित्रपट आला. मोस्कोनी त्याचा तांत्रिक सल्लागार होता. नायकाचं काम करणाऱ्या पॉल न्यूमनला क्यू धरायला त्याने शिकवलं, काही अवघड फटके त्याचेच आहेत, एका प्रसंगात तो स्वतः दिसतोही. चित्रपटामुळे हॉलना काही वर्षं पुन्हा बरे दिवस आले. पण लोकांच्या डोक्यात बसला तो पैजेवर जगणारा खेळाडू. रुडॉल्फ वॉन्डेरोन नावाच्या एका गप्पिष्ट, हजरजबाबी खेळाडूने चित्रपटातल्या पात्राचं ‘मिनेसोटा फॅट्स’ हे नाव स्वतःला लावलं आणि मोस्कोनीने कधी मिळवली नव्हती एवढी प्रसिद्धी मिळवली. १९७८ मध्ये टीव्हीवर दोघांचा सामना झाला. फॅट्स अखंड बडबडत होता, मोस्कोनी आतून धुमसत होता. सामना मोस्कोनीने सहज जिंकला. तरीही रस्त्यावरच्या माणसाला पूल खेळाडूचं नाव विचारलं असतं तर त्याने फॅट्सचंच सांगितलं असतं.

त्या जमान्याचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. जगज्जेतेपदाच्या स्पर्धांची दारं कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. ब्रुकलिनचा सिसेरो मर्फी कित्येक वर्षं त्या तोडीचा खेळत असूनही त्याला बोलावणं येत नव्हतं. १९६५ मध्ये अखेर कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्पर्धेत त्याला घेतलं, आणि पहिल्याच खेपेला तो ती जिंकला. मोस्कोनीच्या पंधरा विजेतेपदांची यादी वाचताना, कोणाकोणाला त्याच्यासमोर उभंच राहू दिलं नाही, हेही मनात असायला हवं.

मोस्कोनीच्या मृत्यूनंतर १९९४ पासून त्याच्या नावाने अमेरिका विरुद्ध युरोप अशी मोस्कोनी चषक स्पर्धा भरते. त्यात खेळतात नाइन-बॉल, म्हणजे नंबराच्या क्रमाने बॉलला मारत नऊ नंबरचा टाकायचा खेळ, तोही आरडाओरडा करणाऱ्या गर्दीसमोर. त्याचा स्वतःचा खेळ त्यात नाही.

५२६ चा आकडा पासष्ट वर्षं टिकला. मे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे जॉन श्मिटने ६२६ केले, कॅमेऱ्यासमोर. २०२२ मध्ये स्कॉटलंडचा जेसन शॉ ७०० च्या पुढे गेला. दोघं नऊ फुटी टेबलावर खेळले आणि मोस्कोनीचं टेबल आठ फुटी होतं, म्हणजे बॉल कमी अंतरावरून टाकायचे होते. हे त्याच्या विरोधात जातं आणि ते मान्य करावं लागेल. पण श्मिट आणि शॉ विक्रम मोडायचा म्हणूनच टेबलापाशी उभे राहिले होते, चुकले की पुन्हा पहिल्यापासून, दिवसामागून दिवस. मोस्कोनीला स्प्रिंगफील्डमध्ये २०० गुणांचा एक सामना खेळायचा होता. पुढचे ३२६ बॉल त्याने बाकावरच्या लोकांसाठी टाकले.