कीबोर्ड स्वतःहून बोलत नाही

माझ्या टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत. एक ऑफिसनं दिलेला लॅपटॉप आणि दुसरा माझा स्वतःचा जुना डेस्कटॉप. टेबल लहान असल्यामुळे मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस एकेकच. गेल्या दिवाळीत भाची राहायला आली होती, नववीत आहे. रोज संध्याकाळी ऑफिसचं काम संपलं की मी टेबलाखाली वाकून वायरी काढायचो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायचो. हे तिनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, दोन तोंडांची वायर का नाही आणत? एका मोबाइलला दोन इयरफोन लावतो ना आम्ही, तशी."

प्रश्न रास्त होता. तशी वायर मिळतेसुद्धा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी ती आणून ठेवलेलीच होती, म्हणून ड्रॉवरमधून काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, लाव. तिनं कीबोर्ड एका टोकाला लावला आणि उरलेली दोन टोकं दोन्ही कॉम्प्युटरना. दोन्ही पडद्यांवर यूएसबी वस्तू ओळखता येत नसल्याची सूचना आली. कीबोर्ड नवा, कॉम्प्युटर चांगले, वायरही तुटलेली नाही. तरीही एकाही कॉम्प्युटरवर एक अक्षर उमटेना.

इयरफोनच्या वायरीत बोलणारा एक असतो आणि ऐकणारे दोन. मोबाइल आवाज सोडतो, दोन्ही इयरफोन तो घेतात, उलट काही विचारत नाहीत. कीबोर्डचंही तसंच असेल, असं आपण धरून चालतो: बटण दाबलं की कीबोर्ड अक्षर 'पाठवतो'. आपल्या बोटांना तसंच वाटतं. यूएसबीमध्ये मात्र कीबोर्ड काहीही पाठवत नाही. त्याला विचारलं तरच तो उत्तर देतो.

वर्गातली हजेरी डोळ्यांसमोर आणा. बाई नाव घेतात, मूल 'हजर' म्हणतं, आणि नाव घेतल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. यूएसबीच्या वायरीवर कॉम्प्युटर ही बाई. साध्या कीबोर्डला तो सेकंदाला सुमारे १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी विचारतो: काही नवीन? बहुतेक वेळा उत्तर येतं, नाही. मी जोरात टाइप करत असलो तरी सेकंदाला पाच-सहा बटणं दाबणार. बाकीचे शंभराहून जास्त प्रश्न 'नाही' या उत्तरावरच संपतात. १९९६ साली यूएसबीचा पहिला आराखडा आला तेव्हापासून ही शिस्त आहे. प्रत्येक वस्तू आपल्या मनानं बोलायला लागली तर एकाच वायरीवर गोंगाट होईल, म्हणून बोलायची परवानगी देणारा एकच ठेवला.

काही नवीन असेल तेव्हा साधा कीबोर्ड आठ बाइटचं उत्तर देतो. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. पहिला बाइट शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या बटणांचा, दुसरा मोकळा आणि उरलेले सहा दाबलेल्या बटणांचे. 'ए'चं बटण म्हणजे ४, 'बी'चं ५, असं करत 'के'चं बटण १४. कीबोर्डला एवढंच माहीत असतं: चौदा नंबरचं बटण खाली गेलंय. त्याचं अक्षर कोणतं, हे तो जाणत नाही. माझ्या डेस्कटॉपवर मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी आहे आणि लॅपटॉपवर इंग्रजी. भाचीला तेच बटण आधी लॅपटॉपवर दाबायला लावलं तर रोमन 'के' उमटला, वायर बदलून डेस्कटॉपवर दाबलं तर 'क'. कीबोर्डकडून दोन्ही वेळा १४च गेले होते. भाषा कॉम्प्युटरमध्ये असते, बटणावर छापलेलं अक्षर फक्त आपल्या सोयीसाठी. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा कीबोर्ड स्वतः लावत नाही. 'सत्तावन्न नंबर दाबला गेला' एवढं तो सांगतो, मग कॉम्प्युटर ठरवतो आणि उलट हुकूम सोडतो: दिवा लाव.

आता दोन तोंडांच्या वायरीत काय झालं ते पाहू. माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे, म्हणून जरा सावकाश जातो.

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, ५ व्होल्टच्या, आणि दोन बोलण्याच्या. कॉम्प्युटरच्या बाजूला बोलण्याच्या दोन्ही तारा १५ किलोओहमच्या रोधांनी (विजेचा प्रवाह अडवणाऱ्या छोट्या भागांनी) जमिनीकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढून ठेवलेल्या असतात. काही जोडलेलं नसतं तेव्हा दोन्ही तारा शून्यावर पडून असतात. कीबोर्डमध्ये दीड किलोओहमचा एक रोध असतो, तो यातली एक तार ३.३ व्होल्टकडे वर ओढतो. रोध जितका कमी तितकी ओढ जास्त, म्हणून दीड किलोओहमची ओढ पंधराच्या दहापट जोरकस, त्यामुळे तार वर जाते. कुणीतरी आलंय, हे कॉम्प्युटरला कळतं ते एवढ्यावरून. कोणती तार वर गेली यावरून पाहुणा हळू बोलणारा की भरभर, तेही समजतं.

मग कॉम्प्युटर निदान १०० मिलिसेकंद थांबतो, कारण प्लग आत सरकताना धातूचे संपर्क थरथरतात. त्यानंतर दोन्ही तारा खाली खेचून धरतो. हा रिसेट. अर्थ असा, की आधीचं सगळं विसर. रिसेट झालेल्या प्रत्येक वस्तूचा पत्ता शून्य असतो. 'शून्य पत्त्यावर जो कोणी आहेस, तुझा पत्ता आजपासून ५,' असं कॉम्प्युटर सांगतो. पत्ते १ ते १२७पर्यंतच. मग ओळख विचारतो आणि कीबोर्ड १८ बाइटची ओळखचिठ्ठी देतो: बनवणाऱ्याचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक वगैरे. पुढे आणखी तपशील मागितले जातात, त्यात 'मी कीबोर्ड' हे येतं. हे सगळं पार पडलं की हजेरी सुरू.

दोन तोंडांच्या वायरीत कीबोर्डचा एक रोध दोन कॉम्प्युटरच्या तारा वर ओढतो. खाली ओढणारे रोध आता दोन, मिळून साडेसात किलोओहम. गणित केलं तर तारेवर सुमारे २.७५ व्होल्ट राहतात, म्हणजे दोघांनाही तार 'वर' दिसायला पुरेसे. दोघेही समजतात, पाहुणा माझ्याकडेच आलाय. एकानं पत्ता दिला की दुसऱ्याचा रिसेट येतो आणि तो पुसला जातो. मधेच दोघे एकाच वेळी बोलतात, एक तार वर खेचतो तर दुसरा खाली, आणि संदेशांचा चुरा होतो. प्रत्येक संदेशाच्या शेवटी बेरीज जुळवून पाहण्याची सोय असते, ती जुळत नाही. तीन-चार प्रयत्नांनंतर दोघेही हात टेकतात आणि पडद्यावर ती सूचना येते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. शिवाय दोन कॉम्प्युटरच्या ५ व्होल्टच्या तारा एकमेकींना भिडतात, त्यामुळे हा प्रयोग फार वेळ चालू ठेवू नये. आम्ही लगेच वायर काढली.

यावर खरा उपाय म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांची इंग्रजी आद्याक्षरं घेऊन हे नाव पडलं, दुकानातही 'केव्हीएम' म्हणूनच मागतात. यातला स्वस्त प्रकार अगदी सरळ आहे. बटण दाबलं की चारही तारा एका कॉम्प्युटरकडून सुटून दुसऱ्याकडे जातात. एका कॉम्प्युटरच्या दृष्टीनं कीबोर्ड उपटला गेला, दुसऱ्याच्या दृष्टीनं आत्ताच लावला. म्हणजे दर वेळी थांबा, रिसेट, पत्ता, ओळखचिठ्ठी, सगळं पहिल्यापासून. त्यात सेकंद-दोन सेकंद जातात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. 'कीबोर्ड चालत नव्हता, अमक्यानं काढून लावला आणि चालू झाला, हातगुण आहे त्याचा,' असं ऑफिसात फार ऐकू येतं. हातगुण कुणाचाच नसतो. वायर काढली की कीबोर्डमधल्या छोट्या प्रोसेसरची वीज जाते, तो अडकला असेल तर मोकळा होतो आणि परत लावल्यावर वर सांगितलेली ओळख नव्यानं होते. घाईघाईनं काढून लगेच लावणाऱ्याला कधी कधी यश येत नाही, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, थोडी वीज शिल्लक असते. दहा सेकंद थांबा, तुमच्याही हाताला गुण येईल.

महाग केव्हीएम वेगळी युक्ती करतो. तो मध्ये बसतो आणि खऱ्या कीबोर्डला स्वतःच प्रश्न विचारतो. उलट बाजूला तो दोन्ही कॉम्प्युटरसमोर कीबोर्ड बनून बसतो, दोघांच्याही हजेरीला सतत 'हजर' म्हणतो आणि निवडलेल्यालाच खरी उत्तरं देतो. ओळख एकदाच होते, त्यामुळे अदलाबदल तत्काळ. बटणं त्याच्या हातून जात असल्यामुळे खुणेची भाषाही चालते: बऱ्याच केव्हीएमवर स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की कॉम्प्युटर बदलतो. ते बटण एरवी कुणी वापरत नाही, म्हणून निवडलेलं. पण केव्हीएमला एक काळजी घ्यावी लागते. कंट्रोल दाबलेलं असतानाच अदलाबदल झाली, तर पहिल्या कॉम्प्युटरला ते सुटल्याचं कधी कळणारच नाही. म्हणून सोडून जाताना त्याला आठ शून्यांचं उत्तर द्यायचं असतं: सगळी बटणं सुटली. हे विसरणारे केव्हीएम मी वापरले आहेत. परत आल्यावर 'एस' दाबलं की अक्षर उमटण्याऐवजी फाइल सेव्ह होते.

मॉनिटरचं प्रकरण निराळं. कीबोर्डची उत्तरं सेकंदाला १२५ वेळा आठ बाइट धरली तरी ८ हजार बिट होतात (एका बाइटचे आठ बिट). १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं दाखवायला मॉनिटरच्या एचडीएमआय केबलच्या तारांतून ४.४५५ अब्ज बिट जातात. त्यामुळे चित्रासाठी लागणारा स्विच वेगळ्याच जातीचा आणि महाग. 'सोन्याचा मुलामा असलेली केबल घ्या, रंग खुलतात' असं सांगून त्यात आणखी पैसे काढले जातात. रंग आकड्यांच्या रूपानं जातात. केबल वाईट असेल तर पडद्यावर ठिपके चमकतील किंवा चित्र मधेच जाईल, फिकट होणार नाही. सोनं गंजत नाही, हा त्याचा खरा गुण. मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत तो थोडा उपयोगी आहे, इतकंच.

मॉनिटरलाही ओळखचिठ्ठी असते, मूळची १२८ बाइटची. सुरुवात ठरलेली: एक शून्य, सहा वेळा २५५, पुन्हा शून्य. मग बनवणाऱ्याची तीन अक्षरं, कोणकोणत्या आकाराचं चित्र झेपतं, आणि कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला तेही. वर्षाच्या जागी १९९० पासूनचा फरक लिहितात. माझ्या मॉनिटरच्या चिठ्ठीत तिथे २९ आहे, म्हणजे २०१९. एकशेअठ्ठावीसही बाइटची बेरीज २५६ नं पूर्ण भागली जायला हवी, तरच चिठ्ठी खरी. एचडीएमआयमध्ये ती वाचायला मॉनिटर चालू असण्याचीही गरज नसते. तिच्या चिपला वीज कॉम्प्युटरकडूनच मिळते. स्विचनं ही चिठ्ठी लपवली की कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर गेला, आणि उघड्या खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर जाऊन पडतात. चांगला केव्हीएम चिठ्ठीची नक्कल करून दोघांनाही दाखवत राहतो. अशा केव्हीएमच्या किमती पाहून मी तो नाद सोडला.

माझी आत्ताची सोय साधी आहे. मॉनिटरला दोन इनपुट आहेतच, दोन्ही कॉम्प्युटर त्याला कायमचे जोडले. ओळखचिठ्ठी ज्या तारांवरून येते त्याच तारांवरून बऱ्याच मॉनिटरना हुकूमही देता येतो. इनपुट बदलण्याच्या हुकमाचा क्रमांक सोळाच्या पद्धतीत (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजण्याच्या) ६० असा लिहितात. कीबोर्डवरच्या एका शॉर्टकटला मी तो जोडून दिलाय. कीबोर्ड आणि माउससाठी तारा फिरवणारा स्वस्त यूएसबी स्विच. तो दाबण्याचं काम दिवाळीभर भाचीनं स्वतःकडे घेतलं होतं. बटण दाबलं की माउसखालचा लाल दिवा विझायचा, लगेच परत लागायचा, पण पडद्यावरचा बाण जागेवरच थांबून राहायचा. ती माउस हलवत बोटांवर मोजायची, "आता थांबला... आता रिसेट... आता पत्ता मिळाला... चिठ्ठी दाखवतोय..." आणि बाण सरकायचा.