एकाच इंजेक्शनातल्या दोन साखरा

इंदुरात रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची एकत्रित लस दिली की संध्याकाळी घरात तापाचाच विषय. त्यात कुणीतरी सांगतं, लशीत जंतूंच्या अंगावरची साखर असते, तिच्यामुळेच बाळ तापतं. हे अर्धंच खरं. तशा साखरा दोन आहेत, आणि त्या एकाच इंजेक्शनात असल्या तरी त्यांची कामं अगदी वेगळी.

पहिली हिब जंतूची, म्हणजे लहान मुलांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर देणाऱ्या हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी या जंतूची. हा जंतू साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच पांघरून असतो. लशीत फक्त त्या साखळ्या घेतात, जंतू नाही. फरार चोराचा फोटो चौकीत लावावा, तसं हे काम आहे. पण दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेकडे जवळजवळ लक्षच देत नाही. म्हणून ती साखळी धनुर्वाताच्या टॉक्सॉइडसारख्या (म्हणजे निर्विष केलेल्या विषासारख्या) प्रथिनाला जोडतात. मग टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी मदतीला येतात आणि आठवण पक्की होते. कॉन्जुगेट लस म्हणतात ती हीच. तापाचं खापर या साखरेवर फोडू नये.

दुसरी डांग्या खोकल्याच्या जंतूची. सरकारी लशीत हा जंतू मारून अख्खाच घातलेला असतो. त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यात लिपिड ए असतं: साखरेचे दोन रेणू, त्यांना चिकटलेल्या चरबीच्या शेपट्या. आपल्या पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राहक (रिसेप्टर) ते लगेच ओळखतो. शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने हे 1998 मध्ये दाखवलं आणि 2011 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग अंगभर इशारा जातो. मांडी लाल होते, बाळ कण्हतं. पण त्याच गडबडीत सोबतच्या घटकांकडेही शरीर नीट लक्ष देतं. अ‍ॅडज्युव्हंटचं काम म्हणतात ते हेच. कुपीत त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा क्षारही असतोच.

मूळ लिपिड ए मात्र फार जहाल. त्यातला एक फॉस्फेट काढला की जहालपणा खूप उतरतो, इशारा टिकतो. साल्मोनेला जंतूपासून बनवलेलं हे सौम्य रूप, म्हणजे एमपीएल, नागिणीच्या शिंग्रिक्स लशीत वापरतात. तिथे लढाई विषाणूशी. जंतूची साखर फक्त शरीराला जागं करायला. दोन्ही कामं किती निराळी, हे मला इथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

गोंधळ व्हायला कारणही आहे. टायफॉइडसाठीच्या विडाल या रक्ततपासणीच्या रिपोर्टमधला ‘ओ’ म्हणजे लिपिड ए ज्या रेणूत असतं, त्याचंच बाहेरचं टोक. टोक ओळख पटवतं, बूड इशारा देतं.

खासगी दवाखान्यातल्या ‘पेनलेस’ लशीत डांग्या खोकल्याची निवडक प्रथिनंच असतात, म्हणून ताप कमी येतो. हिबची साखर तिच्या बहुतेक मिश्र प्रकारांतही असते. मात्र डांग्या खोकल्यापासूनचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं. त्यामुळे एका रात्रीच्या तापाला भिऊन सरकारी लस टाळू नका. ताप साधारण एक-दोन दिवसांत उतरतो; फार चढला, उतरेना किंवा बाळ दूध ओढेना, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.