पीसीपी रायफलीत हवा भरताय? आधी पाण्याचा हिशेब करा

महूची आर्मी मार्क्समनशिप युनिट (लष्कराचं नेमबाजी केंद्र) शेजारीच आहे म्हणून म्हणा, नाहीतर २०२४ च्या पॅरिसमधल्या मनू भाकर, स्वप्नील कुसाळेच्या मेडलांमुळे म्हणा, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हल्ली दहा मीटर नेमबाजीची पीसीपी (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक, म्हणजे सिलिंडरात आधीच हवा दाबून भरायची) एअर रायफल बरीच शिरलीये. रायफल कोणती घ्यायची यावर महिनोन्महिने खल चालतो, आणि तिच्यात हवा कशाने भरायची हे मात्र दुकानदार म्हणेल ते. त्यातही विचारणार काय, तर "किती बारपर्यंत भरतो?" अहो, बार (हवेच्या दाबाचं माप, बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार) सगळेच देतात, भरताना आत पाणी किती जातं ते विचारा ना.

पीसीपीच्या सिलिंडरात आपली साधीच हवा असते, फक्त २०० बारपर्यंत दाबलेली. आता जुलै-ऑगस्टमधला इंदूरचा दिवस घ्या, टेंपरेचर २५ डिग्री, दमटपणा ८५ टक्के, अशा एक घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम वाफ असते. ती हवा दाबून दोनशेव्या हिश्श्यात कोंबली की तेवढ्याशा जागेत इतकी वाफ मावतच नाही, जवळजवळ सगळी पाणी होऊन खाली बसते. रायफल भरायला हवा साठवून ठेवायची १२ लिटरची मोठी टाकी २०० बारला भरायची म्हणजे बाहेरची २४०० लिटर हवा आत घ्यायची, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम पाणी, अर्धा कप चहाएवढं! रायफलीचा सिलिंडर छोटा, २०० मिलीचा धरला तर रिकाम्यापासून पूर्ण भरताना पाऊण-एक ग्रॅम, म्हणजे पंधराएक थेंब. एकदाचं काही वाटत नाही, पण रोज भरत राहिलं की हेच पाणी रेग्युलेटरच्या (प्रत्येक शॉटला सारखाच दाब देणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगला आणि व्हॉल्व्हला गंज आणतं, मग शॉटचा वेग खालीवर व्हायला लागतो आणि पोराला वाटतं आपलंच ट्रिगर बिघडलंय.

आता गंमत बघा, हाच हिशेब एप्रिलच्या दुपारी ४० डिग्रीला, दमटपणा १५ टक्के धरून केला तर घनमीटरला जेमतेम ८ ग्रॅम येतात, निम्म्याहूनही कमी. जानेवारीच्या सकाळी त्याहून थोडे कमीच. म्हणजे माळव्याची कोरडी हवा पंपाच्या फायद्याची, खरी परीक्षा फक्त पावसाळ्यातली.

हँडपंप स्वस्त असतो, कुणावर अवलंबून राहावं लागत नाही आणि एका खेळाडूपुरता चालून जातो. पण थोडे स्ट्रोक मारले की थांबा, ब्लीड स्क्रू उघडून पाणी उडवा, पंप गार होऊ द्या. सलग मारत राहिलात तर सील तापून झिजतात, आणि गरम हवेमुळे गेजही फसवतं, ४५ डिग्रीला २०० दाखवणारा सिलिंडर २५ वर आला की १८७ च दाखवतो, लगेच लीक आहे म्हणून ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) उपसत बसू नका. (इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, हवा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे मुंबईवाल्यापेक्षा आपल्याला स्ट्रोकही थोडे जास्तच मारावे लागतात.)

टाकीचं गणित वेगळं आहे आणि इथेच लोक जास्त फसतात. १० लिटरची टाकी, तीही २०० बारचीच, घेतली आणि शंभर बारवर आलेली, २०० मिली सिलिंडरची रायफल जोडली, तर पहिल्याच भरण्याला दोन्हीकडे १९८ होतात, पुढच्या वेळी १९६, असं उतरतच जातं, पूर्ण २०० एकदाही मिळत नाही. तीच टाकी ३०० बारची असेल तर साध्या गुणाकाराने ५० वेळा पूर्ण भरून निघायला हवी. प्रत्यक्षात चाळीसच्या आसपास धरा, कारण इतक्या दाबाला हवा साध्या गणिताप्रमाणे वागत नाही, ३०० बारला दहाएक टक्के कमीच मावते. टाकी भरून कुठे घ्यायची हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे समुद्र नाही त्यामुळे स्कूबावाले नाहीत, पण फायर सेफ्टीवाल्यांत काहींकडे ब्रीदिंग सेट भरायचा कंप्रेसर असतो, त्याची हवा फिल्टरमधून कोरडी होऊन येते. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बेधडक विचारा.

सांवेर रोड किंवा पीथमपूरकडच्या इंडस्ट्रियल गॅसवाल्यांचा नायट्रोजनही चालतो, हवेत ७८ टक्के तोच असतो आणि तो असतोही कोरडा. अडचण एवढीच की मोठा सिलिंडर साधारण १५० बारचा येतो, म्हणजे रायफल तेवढीच भरणार. प्रॅक्टिसला पुरतं. बंद खोलीत मात्र सोडू नका, माणूस गुदमरतो.

आणि ऑक्सिजन? कधीच नाही, चुकूनही नाही. काळा सिलिंडर दिसला, मान पांढरी असो वा नसो, की लांब राहा. हवा १ वरून २०० बारला एका झटक्यात दाबली तर कागदावरचं टेंपरेचर हजार डिग्रीच्या वर जातं, म्हणून व्हॉल्व्ह नेहमी हळू उघडायचा, आणि ओ-रिंगला शिलाई मशीनचं तेल किंवा गाडीचं ग्रीस लावायचं नाही, फक्त सिलिकॉन ग्रीस. साध्या हवेतसुद्धा तेल पेटू शकतं, ऑक्सिजनमध्ये तर स्फोटच.

घरगुती छोट्या इलेक्ट्रिक कंप्रेसरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आवाज भयंकर, पिस्टन रिंग लवकर जातात आणि सोबत येणारा पाण्याचा सेपरेटर बहुतेक वेळा नावापुरता. तीन-चार खेळाडूंनी मिळून घ्यायचाच असेल तर पुढे मॉलिक्युलर सीव्हचा (पाणी शोषणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर जोडा, तोही हवा दाबून झाल्यावरच्या बाजूला, कारण दाबलेल्या हवेतून पाणी काढणं सोपं जातं. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर ८-१० बारचा, त्याच्याकडे जाऊच नका.

बाकी देखभाल फार नाही. सिलिंडर कधी पूर्ण रिकामा ठेवू नका, थोडा दाब आत राहिला की बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. मे महिन्यात भरलेली रायफल उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, २५ डिग्रीला २०० असलेला दाब ६० डिग्रीला २२३ होतो. मोठी टाकी घेताना नागपूरच्या पेसोची (दाबाच्या सिलिंडरांना परवानगी देणारं केंद्र सरकारचं खातं) मान्यता आणि मानेवर ठोकलेली टेस्टची तारीख बघा. रायफलीच्या सिलिंडरवरही तारीख असते, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमाने तो जास्तीत जास्त १० वर्षं चालतो, त्यामुळे सेकंडहँड रायफल घेताना किंमत ठरवायच्या आधी ती तारीख वाचा, नवीन सिलिंडरचे पैसे त्यातून वजा करूनच बोला.